इद्दत खर्च पोहोचला

कोल्हापुरातल्या आमच्या जमातीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात तलाकच्या आणि खुलाच्या, म्हणजे बाईनं स्वतः मागून घेतलेल्या तलाकच्या, कागदांच्या झेरॉक्सची जाडजूड फाईल. मजकूर ठरलेला असतो. उभयतांचे पटत नसल्याने, दोन्हीकडच्या बुजुर्गांनी समजूत घालूनही, वगैरे वगैरे. आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य: 'मेहरची रक्कम व इद्दत खर्च मुलीस पोहोचला असून तिची आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही.' मेहर म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम; इद्दत म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायचा काळ, आणि तेवढ्या काळाचा नवऱ्यानं द्यायचा खर्च तो इद्दत खर्च. शाळेतून रिटायर झालेल्या माणसाला लोक कुठं ना कुठं बसवतातच. मला जमातीची ही प्रकरणं मिटवणाऱ्या कमिटीत बसवलं त्याला बारा वर्षं झाली. त्यातल्या आठ-दहा कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. एकदाही मी नोटा मोजल्या जाताना पाहिलेल्या नाहीत.

सहा-सात वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर इद्दत खर्चाची रक्कम होती साडेचार हजार. तीन महिन्यांचे. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यात तेव्हाही दूध आणि अंडी यांतलं एकच काहीतरी आलं असतं. मुलगी शर्ट शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मशीनवर होती, कॉलर लावायच्या कामाला, पीसवर पैसे. तलाकनंतर आईकडे आली होती. तिचा भाऊ मला विचारायला आला, 'सर, हिला कामावर पाठवू का?' मी म्हणालो, 'इद्दत आहे. तीन महिने कळ काढा.' यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. युनिटवाल्यानं तीन आठवडे वाट बघितली आणि मशीन दुसरीला दिलं. इद्दत संपल्यावर तिला परत घेतलं ते धागे कापायला, निम्म्या पैशात. आणि साडेचार हजारांतले किती हातात पडले ते तिच्या आईनं मला पुढं एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. पंधराशे. बाकीचे 'बघू' म्हणून राहिले ते राहिलेच.

त्या वेळी मी कुठलं मोठं पाप केलं असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं.

माझी भाची एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी तिचा खुला झाला. मेहर सोडलाच, इद्दतीचा खर्चही सोडला. लवकर सुटका व्हावी म्हणून मुली हे करतात, आणि करायला सांगणारेही आम्हीच असतो. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर निघाली, तसा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, मला फोन: 'तू समजाव हिला, मोहल्ल्यात तोंड दाखवायचंय.' गेलो. पोरगी ओट्यापाशी डबा भरत होती. शेजारी भिंतीवर कॅलेंडर. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाच्या हप्त्याला लाल चौकट, आणि कालच्या तारखेभोवती निळ्या पेनचा गोल. इद्दतीचा पहिला दिवस तिनंच मांडून ठेवला होता. मी घसा साफ करून सुरुवात करणार तोच म्हणाली, 'मामू, इद्दत कशी मोजायची ते मला सांगू नका, ते मी बघते. खर्च कुणी मोजायचा तेवढं सांगा.'

मला उत्तर आलं नाही. ती बसला निघून गेली. मी तिथंच चहा घेऊन घरी आलो.

मुस्लिमेतर वाचकांसाठी दोन ओळी. तलाक किंवा खुला झाल्यावर बाईनं दुसरं लग्न न करता काही काळ थांबायचं, तो काळ म्हणजे इद्दत. कुराणात ती तलाकशुदा बाईसाठी तीन 'कुरू' सांगितली आहे. हनफी पंथाचे लोक याचा अर्थ तीन पाळ्या असा घेतात, शाफई पंथाचे दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ घेतात. पाळी येत नसेल तर तीन महिने, गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. नवरा-बायको एकत्र आलेच नसतील तर इद्दतच नाही. विधवेची मात्र चार महिने दहा दिवस. आमच्या मोहल्ल्यात याचं सगळ्याचं मिळून 'तीन महिने तेरा दिवस' झालेलं आहे. हे तेरा दिवस कुठल्या किताबात आहेत हे आजवर मला कुणी दाखवलेलं नाही, उलट उलेमांनी ते चूक म्हणून सांगितलंय. पण बायका बोटावर तेच मोजतात आणि पुरुष तेच मोजायला लावतात. धर्माच्या नावावर चालणारं सगळंच धर्मातलं असतं असं नाही, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

तर भाचीचा प्रश्न घेऊन मी शहरातल्या एका आलिमांकडे, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेल्या जाणकारांकडे, गेलो. उर्दू मला येते, अरबी अडखळत. त्यांनी आधी कुराणातल्या सूरह तलाकची, म्हणजे 'तलाक' या अध्यायाची, पहिली आयत काढली. तिचा आशय असा: त्यांना त्यांच्या घरांतून काढू नका आणि त्यांनीही निघू नये, उघड गैरवर्तन केलं तर गोष्ट वेगळी. मी ही आयत कित्येकदा ऐकलेली होती, पण तिच्यातला क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. 'काढू नका' आधी आहे आणि ते पुरुषांना बजावलंय. 'निघू नये' नंतर. आणि घर म्हणजे ज्या घरात ती नांदत होती तेच. त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत तर सांगितलंय की तुम्ही राहता तिथं, तुमच्या ऐपतीप्रमाणे त्यांना ठेवा आणि त्यांना कोंडीत पकडण्यासाठी त्रास देऊ नका. पहिल्या आयतीच्या शेवटी कारणही सुचवलंय: कोण जाणे, यानंतर अल्लाह काही नवी वाट काढेल. एका छपराखाली राहिले तर राग निवळेल, नवरा तलाक मागं घेईल.

आता आमच्याकडे काय होतं? तलाक म्हटल्याबरोबर एक बॅग, एक पत्र्याची पेटी आणि रिक्षा. बाई माहेरी. काढू नका ही पहिली अट रिक्षाच्या हॉर्नसकट मोडली जाते आणि त्याबद्दल कमिटीत कुणी चकार शब्द काढत नाही. मग ती माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवते आणि दुसरी अट तिच्या गळ्यात पडते. निघायचं नाही. कुठून निघायचं नाही? जिथून तिला निघायला लावलं तिथून तर ती निघालेलीच आहे.

आलिमसाहेबांनी मग 'हिदाया' उघडली. बाराव्या शतकातल्या मरगिनानींची ही हनफी किताब; इंग्रजांच्या काळात, १७९१ मध्ये, हिचा इंग्रजी तर्जुमा झाला आणि कोर्टं तिच्यावर निवाडे देऊ लागली. तीत सरळ लिहिलंय की तलाकशुदा बाईनं इद्दतीत दिवसा वा रात्री घराबाहेर पडू नये, विधवेनं मात्र दिवसा आणि रात्रीचा काही भाग बाहेर पडलं तरी चालतं. मी म्हणालो, 'बघा, म्हणजे मी बरोबरच सांगत होतो.' ते म्हणाले, 'मास्तर, पुढची ओळ वाचा.' पुढच्या ओळीत कारण आहे. विधवेला खर्च देणारं कुणी नसतं, तिला रोजीसाठी बाहेर पडावं लागतं. तलाकशुदा बाईचं तसं नसतं, कारण तिचा खर्च नवऱ्याच्या मालातून चालू असतो.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. समीकरणाची एक बाजू पुसून दुसरी तशीच ठेवणाऱ्या पोराला मी शून्य मार्क दिले असते. इथं बारा वर्षं मी स्वतः तेच केलं.

खुलाचं काय, हे मी विचारलं, कारण भाचीचा खुला होता आणि खर्च तिनं आपण होऊन सोडला होता. त्यावर हिदायाच दोन मतं देते: दिवसा बाहेर पडू शकते असं एक, आणि हक्क तिनंच सोडला असल्यानं पडू शकत नाही असं दुसरं. इथं मी जरा खचलो. मग त्यांनी इब्न अल-हुमाम यांचं, म्हणजे पंधराव्या शतकात हिदायावर सर्वांत गाजलेलं भाष्य लिहिणाऱ्या इजिप्तच्या फकिहांचं (धर्मकायद्याच्या पंडितांचं), वाक्य काढून दाखवलं. त्याचा मतलब असा की मुफ्तीनं त्या त्या प्रकरणाकडे बघावं. बाहेर पडली नाही तर या बाईचं पोट भरणार नाही असं दिसलं तर जायला हरकत नाही म्हणावं. घरी बसून भागतंय असं दिसलं तर मनाई करावी. साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ हे वाक्य किताबात आहे. आमची कमिटी मात्र पोटाकडे न बघता सरसकट एकच उत्तर देते, आणि ते उत्तर जास्त दीनदार आहे असं आम्हाला वाटतं.

तिथून निघताना त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. आंबा घाट उतरलं की कोकणातला मुसलमान शाफई, घाटावर आपण हनफी. शाफईंच्या इमाम नववींनी, हे तेराव्या शतकातले, लिहून ठेवलंय की विधवा आणि पूर्ण तलाक झालेली बाई दिवसा खायला आणायला, सुतासाठी आणि असल्या कामांसाठी बाहेर पडू शकते. रात्रीसुद्धा शेजारणीकडे सूत कातायला, गप्पा मारायला जाऊ शकते, फक्त झोपायला आपल्या घरी यावं. ज्या बाईचा तलाक अजून मागं घेता येतो ती मात्र त्यांच्याकडे बायकोसारखीच, नवऱ्याच्या परवानगीनं जाणारी, कारण तिचा खर्च त्याच्यावर असतो. पुन्हा तेच कारण. मालिकी आणि हंबली या उरलेल्या दोन पंथांकडेही दिवसा गरजेपुरतं जायला वाट आहे.

सूत म्हटल्यावर मला इचलकरंजीच्या कांडीवाल्या बायका आठवल्या. यंत्रमागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम तिथं कैक मुस्लिम बायका करतात. कुणी कारखान्यात, कुणी घरात मशीन टाकून. घरात कांड्या भरणाऱ्या बाईला इद्दतीत कुणी काही बोलत नाही, कारण पैसे मिळवण्याला कुणाचीच हरकत नाही. हुपरीच्या चांदीकामात घरी पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्या बाईलाही नाही. हरकत फक्त उंबऱ्याची. आणि गरीब बाईच्या घराला उंबरा असतो कितीसा? पाणी भरायला नळावर जावंच लागतं, रेशनला रांगेत उभं राहावं लागतं, पोराला शाळेत सोडावं लागतं. एवढं सगळं चालतं, पगाराचं काम तेवढं चालत नाही.

पैगंबरांचे सोबती जाबिर यांच्या मावशीची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वेळची नोंदलेली गोष्ट, सहीह मुस्लिम या संग्रहात आहे. तलाक झालेला, इद्दत चालू, आणि खजुरीची झाडं उतरवायला आलेली. ती निघाली तर एका माणसानं तिला झापलं. ती थेट पैगंबरांकडे गेली. ते म्हणाले, जा, आपली खजूर उतरव, कदाचित त्यातून तू काही दान करशील, काही भलं करशील. हनफी फकिहांनी या हदीसचा अर्थ आपल्या परीनं लावला आहे, तो वाद मोठा आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरचा. मला त्यातला झापणारा माणूस ओळखीचा वाटतो. आमच्याकडे गुऱ्हाळ पेटलं की कुणाच्या घरी काय झालंय म्हणून ऊस थांबत नाही, तशी ती खजूरही थांबणार नव्हती, हे त्या माणसाला दिसत नव्हतं.

भाचीची गोष्ट पुरी करतो. रात्रपाळीचा प्रश्न होताच, कारण दिवसाला सवलत देणारे बहुतेक फकीहसुद्धा रात्र घरी काढायला सांगतात. मला वाटलं, आता अर्ज-विनंत्या, वशिला. ती मेट्रनबाईंकडे गेली आणि म्हणाली, तीन महिने मला दिवसाची ड्यूटी द्या, आमच्यात असं असं असतं. बाईंनी ड्यूटीची वही ओढली, खोडरबरानं दोन नावं खोडली, पेन्सिलीनं अदलाबदल केली आणि विचारलं, 'जेवलीस का?' संपलं. ज्या गोष्टीसाठी आम्ही जमातीत तासभर वाद घातला असता ती एका मराठा बाईनं पाच मिनिटांत उरकली. प्रत्येक दवाखान्यात अशी मेट्रन नसते, हेही खरं. म्हणून चांगुलपणावर सगळं सोडता येत नाही.

माझे पुरोगामी मित्र म्हणतात, हे किताबातले धागे काढत बसण्यापेक्षा इद्दतच मोडीत काढा की. गरोदरपण कळायला आता पाच मिनिटं लागतात. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या परंपरेबद्दल मला आदर आहे. १९८५ चा तलाक मुक्ती मोर्चा याच कोल्हापुरातून नागपूरला निघाला होता. पण इद्दत फक्त पोटातल्या बाळासाठी असती तर पाळी गेलेल्या म्हातारीला ती नसती, तिलाही आहे. सलोख्याला दिलेली मुदत, झालेल्या संसाराचा मान, हेही तीत येतं. ज्या बाईला ती पाळायची आहे तिला 'सोडून दे' सांगणारा मी कोण? शिवाय त्या युनिटमधल्या मुलीला इद्दत नको नव्हती, पगार हवा होता.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, बाईला तेवढाच आराम मिळतो. मिळावा ना. कुणाच्या पैशावर? सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात मुस्लिम विधवेला इद्दतीची चार महिने दहा दिवसांची भरपगारी रजा आहे. पाकिस्तानात सरकारी नोकर विधवेला १३० दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. म्हणजे बाईला बस म्हणायचं असेल तर तिच्या पगाराचं कुणीतरी बघायला हवं, एवढं तरी तिथल्या सरकारांना समजलं. तलाकशुदा बाई तिथंही या रजेत नाही, बहुधा तिचा नवरा जिवंत आहे आणि तो देईल या भरवशावर. आपल्याकडे असं काहीच नाही. महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानं वर्षाला आठ किरकोळ रजा आणि वीस दिवसांच्या कामाला एक भरपगारी रजा मिळते. पीसवर काम करणारीला हाताला काम नाही तर पैसेही नाहीत. तीन पाळ्यांची इद्दत यात कुठून बसवायची?

कायद्याचंही बघू. तलाकशुदा बाईला पोटगी देणारा शाहबानो निकाल १९८५ चा, त्यावरच्या गदारोळातून १९८६ चा कायदा आला. त्यात म्हटलंय की नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीत बाईची रास्त आणि वाजवी तरतूद करावी आणि खर्च द्यावा. पुष्कळांनी याचा अर्थ तीन महिन्यांचं काय ते द्या असा लावला. २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तो खोडला: द्यायचं इद्दतीच्या आत, पण पुढच्या आयुष्याचा विचार करून. १० जुलै २०२४ च्या निकालात तलाकशुदा मुस्लिम बाईला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) पोटगी मागता येते हे कोर्टानं पुन्हा सांगितलं. १९८६ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटनं अर्जावर महिन्यात हुकूम द्यावा असंही लिहिलंय. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. आणि वर हाय कोर्टात जायचं झालं तर निदान आता, ऑगस्ट २०२५ पासून, सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. मुंबईची रात्रीची गाडी वाचली. एवढं मात्र खरं की कोर्टात जायलाही उंबरा ओलांडावाच लागतो, आणि गंमत म्हणजे त्याला मोहल्ल्यात कुणी आक्षेप घेत नाही.

पण साडेचार हजार रुपये खर्च लिहिलेल्या असल्या कागदांपैकी कोर्टात जातात किती? आमच्याच टेबलावर मिटतात. म्हणून मला बोलायचंय ते आमच्या टेबलाबद्दल. बाईनं कामाला जावं का, हा प्रश्न आमच्याकडे घेऊन येणाऱ्याला कमिटीनं उलट विचारावं: ती कुठं राहतेय, आणि खर्च कुणी दिला? नवऱ्याच्या घरी असेल, त्याच्या ऐपतीचा खर्च मिळत असेल, तर हनफी किताब तिला घरी थांब म्हणते, मीही म्हणेन. नसेल तर तिला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ द्यावं, आणि तिच्या भावाला, फुफीला, शेजारणीला तोंड आवरायला सांगावं. ते काम कमिटीचं आहे, तिचं नव्हे.

खर्चाचा आकडा पन्नास रुपये रोजाच्या हिशोबानं लिहिणं बंद व्हावं. 'ऐपतीप्रमाणे' हा कुराणातला शब्द आहे, म्हणजे पगाराची स्लिप बघावी लागेल, घरभाडं धरावं लागेल. निकाहनाम्यात अटी लिहायची सोय असते, त्यात हे आधीच लिहून घेता येईल. पण निकाहाच्या दिवशी इद्दतीचं नाव काढलं की मुलीची आईच दटावते, अपशकुनी बोलू नका म्हणून. तोवर जमातीच्या बैतुलमालमधून, म्हणजे मदतनिधीतून, गरजू बाईला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यावेत आणि नवऱ्याकडून जमातीनं वसूल करावेत. वसुली आमच्याकडून होत नाही असं म्हणू नका. मशिदीच्या गाळ्यांचं भाडं आम्ही एका महिन्यात वसूल करतो.

दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून मी शिकलो. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मुसलमान मुलांसाठी ते सुरू केलं. पोरं शिकावीत असं नुसतं भाषण त्यांनी ठोकलं नाही. राहायचं कुठं, खायचं काय, हे आधी बघितलं. बाईनं घरी बसावं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या इमारतीकडे बघत एकदा चौक ओलांडावा.

येत्या रविवारी आमच्याकडे एक प्रकरण आहे. मुलगा एमआयडीसीत पर्मनंट आहे, मुलगी साड्यांच्या दुकानात काउंटरवर. मी त्याला फोन करून येताना पगाराची स्लिप आण म्हणून सांगितलं. 'सर, स्लिप कशाला?' असं त्यानं विचारलं. रविवारी सांगतो म्हटलंय.